विश्रामकाकांची एकमेव पूर्ण वसुली

घिवलीचे विश्रामकाका महिन्याच्या दहा तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत दोन किलो चिकू घेऊन निघाले की सगळ्या आळीला कळायचं, काका वसुलीला चालले. चिकू वॉचमनसाठी. बोईसरच्या एमआयडीसीत बऱ्याच कंत्राटी कामगारांचा पगार दहाला होतो, आणि कोण कुठल्या पाळीला आहे, कुठल्या गेटने सुटतो, हे वॉचमनशिवाय कोणी सांगत नाही. फुकट तर तोही सांगत नाही. प्रेमलाकाकू म्हणायच्या, "वाटलेत तेवढे चिकू विकले असते तर आतापर्यंत सगळी बाकी भरून निघाली असती." काका म्हणायचे, "प्रश्न पैशाचा नाय." मग कशाचा आहे, ते मात्र सांगायचे नाहीत.

काका एकतीस वर्षं तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. चिठ्ठीशिवाय त्यांनी कोणाला एक नट दिला नाही. एकदा तर आगीच्या वेळी बादल्यासुद्धा सही घेऊन दिल्या, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. काकांना ही आपली स्तुती वाटते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी आपल्या चिकू-नारळाच्या वाडीच्या रस्त्याकडच्या बाजूला आठ खोल्यांची चाळ बांधली. अणुकेंद्रात कंत्राटावर येणारे वेल्डर, एमआयडीसीतले हेल्पर, असे भाडेकरू. मुख्य मीटर काकांच्या नावावर, आणि प्रत्येक खोलीचा वेगळा सबमीटर ओटीच्या भिंतीवर ओळीने लावलेला. दर युनिटला दहा रुपये. वीज कंपनी काकांना काय दर लावते, याची चौकशी भाडेकरूंनी करू नये, अशी अपेक्षा.

भाडं किंवा बिल बुडवून गेलेल्यांची काकांकडे एक लांबट वही होती. चौदा नावं, चौदा नंबर आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. 'फोन बंद.' 'फोन चालू, उचलत नाही.' 'गावी गेला, गाव कुठलं ते नाही.' एकापुढे 'मयत' असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात, 'असं त्याने स्वतः फोनवर सांगितलं.' या चौदांपैकी तेरा जणांकडून काकांनी सहा वर्षांत मिळून सतराशे रुपये आणि एक टेबलफॅन वसूल केला होता. चौदाव्यापुढे मात्र लाल शाईत दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'पूर्ण वसूल.' हा चौदावा म्हणजे नवशा.

नवशा जव्हारकडचा. बायको जमना, पाचवीतली मुलगी, आणि एका केमिकल कंपनीत कंत्राटी हेल्परची नोकरी. नोव्हेंबरात सात नंबरच्या खोलीत राहायला आला आणि पहिल्याच महिन्यात त्याचं लाईट बिल तेराशे रुपये आलं. बाकीच्या खोल्यांना तीनशे-साडेतीनशे यायचं.

"काका, आमचा एक पंखा हाय न दोन बल," नवशा म्हणाला.

"मीटर काय खोटं बोलतो?" काका म्हणाले.

मीटर खोटं बोलत नाही म्हणजे नवशा बोलतो, हा काकांचा हिशेब. त्याच्याकडे शेगडी नाहीतर हीटर आहे आणि तो लपवून ठेवलाय, अशी त्यांची खात्री झाली. मग पाण्याची टाकी बघायला आलो, पालीचं अंडं दिसतंय का बघतो, असली कारणं काढून ते अवेळी सात नंबरात शिरायचे. जमना चुलीवर भाकऱ्या करत असायची. एकदा काकांनी पलंगाखाली वाकून बघितलं तर ती म्हणाली, "काका, तिथं नाचणी हाय. लाईटवर नाय चालत."

दीड वर्ष असं चाललं. मग मे अखेरीस, मुलीची शाळा संपल्यावर, नवशाने खोली सोडली. भर दुपारी, टेम्पो आणून, सांगून सोडली. शेवटच्या महिन्याचं भाडं आणि तीन महिन्यांचं लाईट बिल मात्र दिलं नाही. "भाडं पगार झाल्यावर देतो. लाईट आमी जाळली नाय, तिचं देणार नाय," म्हणाला. काकांनी वहीत लिहिलं, 'पळाला.' डिपॉझिटचे दोन हजार वळते करून चार हजार चारशे चाळीस बाकी.

जूनच्या दहा तारखेला काका त्याच्या कंपनीच्या गेटवर उभे होते. पाळी सुटली, माणसं बाहेर आली, आणि काकांनी शंभरेक लोकांदेखत नवशाचं नाव आणि आकडा मोठ्याने सांगितला. वर 'लाईट चोरून खाल्ली' हेही सांगितलं. कंत्राटदाराच्या सुपरवायझरला गेटवरची कटकट नको होती. त्याने दोन पगारांतून निम्मे-निम्मे कापून काकांच्या हातात ठेवले. काकांनी रीतसर पावती दिली. नंतर लग्नात, बाराव्याला, जिथे दोन माणसं बसलेली दिसतील तिथे काका ही गोष्ट सांगायचे. शेवट नेहमी एकच, "मी कोणाचं खाल्लं नाय, न कोणाला सोडलं नाय."

सात नंबर त्यानंतर रिकामाच राहिला. बिल जास्त येतं, ही बातमी चाळीतून बाहेर गेली होती. जानेवारीत एक नवा भाडेकरू तयार झाला, तेव्हा सुरुवातीचं रीडिंग लिहायला काका वही घेऊन मीटरपाशी गेले, आणि तिथून तडक आमच्या घरी आले. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय आणि एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, म्हणून आळीतले पंखे, मिक्सर आणि वाद माझ्याकडे येतात.

"मेघाली, खोली सात महिने बंद हाय. कुलूप माझं. आणि मीटर तीनशे बारा युनिट पुढं."

"कोणी तार टाकून घेतली असेल."

"म्हणूनच बोलतो, चल. सापडला तर आज सोडत नाय."

चोर पकडायला पाच मिनिटं लागली. सात नंबरचा मेन स्विच मी खाली केला. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे वाडीची मोटर चालू होती, ती घरघरत बंद पडली. स्विच वर केला, स्टार्टर दाबला, मोटर चालू. पुन्हा खाली केला, बंद.

काका मीटरकडे बघत राहिले. मी मोटरची तार हाताने माग काढत आले, ती सात नंबरच्या बोर्डात शिरत होती. मग काकांना आठवलं. नवशा यायच्या आधीच्या दिवाळीत डीपी, म्हणजे शेतीचा ट्रान्सफॉर्मर, जळली होती, शेतीची लाइन पंधरा दिवस बंद होती. चिकू आणि नारळ सुकायला लागले, म्हणून ज्ञानेश वायरमनने जवळच्या रिकाम्या खोलीतून तार ओढून दिली होती. तात्पुरती. डीपी दुरुस्त झाली, पण शेतीच्या लाइनला वेळी-अवेळी लाईट यायची आणि या तारेवर कधीही मोटर चालायची. तार तशीच राहिली. नवशाने दीड वर्ष काकांची वाडी शिंपली होती, आणि त्याचे पैसेही भरले होते.

काका ओटीवर बसले. मग म्हणाले, "हे कोणाला बोलू नको."

त्यांना माहीत नव्हतं की प्रेमलाकाकू दारात उभ्या आहेत.

काकूंनी हिशेब मला करायला सांगितला. एक एचपीची मोटर, रोज तीन तास, महिन्याला साधारण नव्व्याण्णव युनिट. नवशा एकोणीस महिने राहिला. पावसाळ्याचे चार महिने मोटर बंद, म्हणजे पंधरा. दहा रुपये दराने चौदा हजार आठशे पन्नास.

"दहाने कशाला?" काका म्हणाले. "मला युनिट सातला पडतो. सातने कर."

मी सातने केलं. दहा हजार तीनशे पंच्याण्णव.

काकू भाजी चिरत होत्या. "घेताना दहा न देताना सात?"

"अगं, मूळ खर्च तेवढाच ना."

"मग त्याला सांगा, तुझ्याकडून तीन रुपये उगाच घेत होतो. ते पण सांगा."

काकांनी सातचा कागद घडी करून खिशात टाकला. मग म्हणाले, मोटरचं पाणी टाकीत पण जातं, टाकीचं पाणी सगळे भाडेकरू पितात, तर त्यांचा वाटा वजा व्हायला पाहिजे. मी सांगितलं की टाकीची मोटर वेगळी आहे. ते म्हणाले, नवशाची मुलगी वाडीतले पडलेले चिकू खायची. काकूंनी विळी बाजूला ठेवली.

"एक विचारू? त्या शिमग्याला नवशा गावी गेला होता आठ दिवस. जाताना मेन स्विच खाली करून गेला. तेव्हा आपली मोटर बंद पडली होती. तुमी ओटीवर जाऊन काय केलं होतं?"

काका खिशातला कागद चाचपायला लागले.

"सात नंबरचा स्विच वर केलात. मी बघितलं. मोटर चालू झाली न तुमी येऊन जेवायला बसलात."

"मला वाटलं फ्यूजचं काय असेल."

"एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलंत. कुठला माल कुठून गेला ते तुमाला कळलं नाय?"

काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून शर्टाला पुसला. चष्मा स्वच्छच होता. "कळलं असतं," ते हळू म्हणाले, "विचार केला असता तर. विचार केला नाय."

त्या दिवशी ठरलं की पैसे द्यायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून काकांना कामं सुचायला लागली. कुंपणाला तार मारायची होती. मग मकरसंक्रांत आली. मग गुडघा दुखला. मग म्हणाले, नवशा कुठे असतो कोणाला माहीत. काकूंनी वही काढली आणि फोन लावला. चौदा नंबरांतला हा एकच पहिल्या रिंगला उचलला गेला. नवशा आणि जमना आता पालघरला, कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या आवारात बागकामाला होते. काकूंनी फोन ठेवला आणि काकांना म्हणाल्या, "उद्या जाताय. पूर्ण घेऊन. मेघाली गाडीवर सोडेल."

पूर्ण म्हणजे दहाच्या दराने. पाकीट काकूंनी स्वतः भरलं. काकांनी वाटेत दोनदा स्कूटर थांबवायला लावून ते खिशात आहे का बघितलं. हरवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या तोंडाकडे बघून वाटलं.

मुख्यालयाच्या हिरवळीवर नवशा पाइप धरून उभा होता. काकांना बघताच त्याने पाण्याचा कॉक बंद केला, पाकिटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला आणि पुढे केला. काकांनीच दिलेली पावती. 'येणे बाकी काही नाही. वि. ल. राऊत.'

"आता काय राहिलं, काका?" तो म्हणाला.

"तुझं काय नाय राहिलं."

"मग?"

काकांनी खिशातून पैशांचं पाकीट काढलं. मला वाटलं, मीच सांगावं. पण काकूंनी निघताना मला बजावलं होतं की तू तोंड उघडायचं नाही. शेवटी काका पाकिटाशी बोलल्यासारखे बोलले. "वाडीची मोटर तुझ्या मीटरवर होती. बिल तुझं नव्हतं. चौदा हजार आठशे पन्नास हाय. मोजून घे."

जमना झाडू घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मी बोलली नव्हती?" ती नवशाला म्हणाली. मग काकांकडे वळली. "मोटर लागली का आमचा पंखा हळू व्हायचा. मोटर थांबली का जोरात. मी तुमाला सांगायला आली होती. तुमी काय बोललात, आठवतं?"

"नाय."

"बोललात, तुला लाईटमधलं काय कळतं."

व्होल्टेज ड्रॉप. आम्हाला हे तिसऱ्या सेमिस्टरला शिकवलं होतं. मी हिरवळीकडे बघत राहिले.

नवशाने पैसे मोजले, दोनदा, आणि खिशात टाकले. नको नको केलं नाही. काकांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "झालं मग," म्हणत ते वळले.

"झालं कसं?" नवशा म्हणाला. "माझं काम गेलं ना."

"कुठलं काम?"

"कंपनीतलं. तुमी दोन महिने आलात गेटवर. तिसऱ्या महिन्याला सुपरवायझर बोलला, तू लाईट चोर. ज्याच्या मागं माणसं येतात असला माणूस नको. आता माझा भाऊ आलाय बोईसरला, त्याला कोणी घेत नाय. बोलतात, नवशाचा भाऊ, म्हणजे तसलाच."

काकांना हे माहीत नव्हतं. पैसे हातात आल्यावर त्यांनी नवशाची चौकशी करायचं कारणच नव्हतं.

"मी काय करू आता?" त्यांनी विचारलं.

"तिथं जाऊन बोलला होतात," जमना म्हणाली. "तिथं जाऊन बोला. दहा तारखेला."

"लिहून देतो. सही करून देतो."

"आमी वाचून दाखवत फिरायचं का? तुमी लिहून दिलं होतं तेव्हा? तोंडानं बोलला होतात."

 परत येताना घिवलीच्या वळणावर काका म्हणाले, "पैसे घेऊन गप बसला असता तर बरा माणूस होता."

दहा तारखेपर्यंत आठ दिवस होते. काकांना तेवढ्यात ताप येऊन गेला, खरा ताप, थर्मामीटरवर दिसणारा. काकूंनी काढा दिला आणि शर्टाला इस्त्री केली. काका गेले नसते तर काकू काही करू शकल्या नसत्या, हे दोघांनाही माहीत होतं. नऊ तारखेला काकांनी मला हाक मारून विचारलं, "उद्या तुझी कुठली पाळी?" मी म्हटलं, सुट्टी घेतलीय. ते म्हणाले, "बरं केलंस," आणि आत गेले.

गेटवर आम्ही तीनला पोचलो. या वेळी पिशवी नव्हती. नवशा आणि जमना आधीच येऊन रस्त्यापलीकडे उभे होते, जमना नव्या साडीत, नवशाचा भाऊ तिच्याशेजारी. वॉचमनने काकांना ओळखलं, त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. पाळी सुटली. माणसं डबे घेऊन बाहेर यायला लागली. सुपरवायझर केबिनच्या दाराशी यादी घेऊन उभा होता.

काका त्याच्यापुढे गेले. "साहब, वो नवशा का बोलना था."

"नाम बोलो, कितना बाकी है?" सुपरवायझर यादीतून डोकं वर न काढता म्हणाला.

"बाकी नहीं है."

"तो फिर?"

"उसका बाकी नहीं था. मेरा था. मैंने दिया."

सुपरवायझरने वर बघितलं. "आपने भाड़ा दिया? किसको?"

"भाड़ा नहीं. लाईट का. मोटर मेरी थी, मीटर उसका था."

"अरे बाबा, लेना है कि देना है?"

"देना था. दे दिया."

"तो यहाँ क्यों आए हो?"

बाहेर पडणारी चार-पाच माणसं थांबली होती. कोणीतरी हसलं. गेटवर इतकी वर्षं घरमालक, गाडीच्या हप्त्यावाले, भिशीवाले येत होते. पैसे दिले, हे सांगायला आलेला माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. सुपरवायझरने एका जुन्या कामगाराला विचारलं, "ये नवशा कौन?" त्या माणसाने काहीतरी सांगितलं. सुपरवायझरने मान हलवली. "हाँ हाँ, वो लाईट चोर."

काकांचे कान लाल झाले. मी त्यांना पासष्ट वर्षांचं होताना बघितलं होतं, पण म्हातारं होताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. नवशा खाली बघत होता. जमना सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"वो चोर नहीं है," काका म्हणाले. "लाईट उसने नहीं खाया. मैंने खाया. मेरे बगीचे की मोटर उसके मीटर पे थी. मुझे मालूम पड़ना चाहिए था." मग हिंदी संपली. "मी गेटवर खोटं बोललो. त्याचं काम गेलं, ते माझ्यामुळं."

तेवढ्यात आत जाणारा टँकर हॉर्न वाजवत वळला. वॉचमन शिट्टी मारत धावला. सुपरवायझर म्हणाला, "ठीक है, ठीक है, साइड हो जाओ," आणि यादी घेऊन केबिनमध्ये शिरला. माणसं पांगायला लागली.

काका रस्ता ओलांडून आले. कपाळावर घाम होता. "बोललो," ते म्हणाले.

"टँकर होता," जमना म्हणाली. "अर्ध्यांनी ऐकलंच नाय. साहेब तर आत गेला."

"मी बोललो ना पण."

"मागच्या वेळी तुमी तीनदा बोलला होतात," जमना म्हणाली. "नवशानं मोजलं होतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.  टँकर आत गेला, गेट पुन्हा उघडलं, दुसऱ्या प्लांटची माणसं यायला लागली. काकांनी शर्टाची कॉलर नीट केली, दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला आणि केबिनचं दार वाजवलं.